दुष्काळात खजिना रिता करणारे सटाण्याचे देवमामलेदार

मार्गशीर्ष वद्य एकादशी जवळ आली की बागलाणातील घराघरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. पंचांगात या तिथीला सफला एकादशी म्हणतात. आषाढी-कार्तिकीला उभा महाराष्ट्र पंढरीच्या वाटेला लागतो, त्या दोन्ही एकादश्यांचे माहात्म्य बागलाणकरही जाणतो. परंतु आपली म्हणून तो ज्या एकादशीची वर्षभर वाट पाहतो, ती हीच. आरम नदीच्या काठी वसलेल्या सटाण्यात या दिवशी श्री संत देवमामलेदार यशवंतराव महाराजांचा पुण्यतिथी-उत्सव आरंभ पावतो, रथ निघतो, आणि पुढे सुमारे पंधरवडाभर यात्रा गजबजत राहते. उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी आटोपून आसपासच्या खेड्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे नदीकाठचा रस्ता धरतात.

आपल्या संतमालिकेत शिंपी आहेत, कुंभार आहेत, माळी, सोनार, न्हावी आहेत. ज्याने त्याने आपल्या व्यवसायातच देव पाहिला. परंतु ज्यांच्या नावाआधी सरकारी हुद्दा कायमचा जडला आणि त्या हुद्द्याआधी लोकांनी देव हा शब्द जोडला, असे सत्पुरुष हे एकच असावेत. मामलेदार म्हणजे तालुक्याचा अंमलदार; सारा वसूल करणारा, जप्तीच्या हुकुमावर सही करणारा. खेड्यातील कुणब्याच्या मनात या शब्दाने पूर्वी धाक उत्पन्न होई, प्रेम क्वचितच. त्याच शब्दामागे देवपण कसे चिकटले, याची हकीकत आज या पुण्यतिथीच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यशवंतराव महादेव भोसेकर यांचा जन्म शके १७३७ च्या भाद्रपद शुद्ध दशमीस, म्हणजे १३ सप्टेंबर १८१५ रोजी पुणे येथे झाला. घराण्याचे मूळ गाव पंढरपूरजवळील भोसे. त्यावरूनच भोसेकर हे आडनाव रूढ झाले. पंढरीच्या परिसरातील घराणे म्हटल्यावर विठ्ठलभक्ती वेगळी शिकवावी लागत नाही. बालक दोन वर्षांचे झाले तोच, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या वर्षी पेशवाई कायमची मावळली. बागलाणातील मुल्हेरचा किल्लाही १८१८ च्या जुलै महिन्यात इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ज्या मुलुखात पुढे यशवंतरावांना देवपण लाभायचे होते, त्या मुलुखाचा धनी ते तीन वर्षांचे होण्याआधीच बदलला होता.

नव्या राज्याला लिहिणारे-वाचणारे हात हवे होते, आणि जुन्या राज्यातील लेखणीबहाद्दर घराण्यांना पोटापाण्याची नवी वाट हवी होती. यशवंतरावही अगदी कोवळ्या वयात सरकारी कचेरीत कारकुनाच्या जागेवर लागले. तेथून पायरी पायरीने चढत ते मामलेदारीपर्यंत पोहोचले. त्यांची बहुतेक नोकरी खानदेशाच्या मुलुखात झाली. त्या चाळीसेक वर्षांचा तपशील आम्ही येथे देत नाही. बदल्या, हुद्दे आणि पगारवाढी यांत चरित्राचे मर्म नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, ज्या कचेरीत ते गेले तेथे त्यांच्या बिऱ्हाडाचे दार याचकाला कधी बंद नव्हते, अशी साक्ष परंपरा एकमुखाने देते. पगार हाती आला की तो अन्नदानात जाई. महिनाअखेर घरात चणचण असे. पत्नीनेही पतीच्या या व्रतात मनापासून भाग घेतला आणि प्रसंगी अंगावरचे दागिने उतरवून दिले, असे सांगतात. दारी आलेला अतिथी विन्मुख जाऊ नये म्हणून जी स्त्री आपल्या ताटातले वाढून देते, तिचे नाव चरित्रकारांच्या लेखणीत फारसे येत नाही. आमच्या मते मामलेदारांच्या पुण्याईतला अर्धा वाटा या माउलीचा आहे, आणि उत्सवाच्या दिवशी तिचेही स्मरण व्हावे.

मामलेदाराचे काम म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकास थोडे समजावून सांगितले पाहिजे. तालुक्यातील प्रत्येक गावाचा सारा पाटील-कुलकर्ण्यांमार्फत हप्त्याहप्त्याने गोळा होई आणि तालुक्याच्या कचेरीत येई. तेथे नाणी पारखून, मोजून, थैल्यांत बांधून खजिन्यात ठेवली जात. पहाऱ्यावर शिपाई असत. हिशेब शिरस्तेदाराच्या नजरेखालून जाई. ठराविक काळाने ती रक्कम जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना होई. या साऱ्या व्यवस्थेचा तालुक्यापुरता जबाबदार धनी मामलेदार. शिवाय लहानसहान फौजदारी खटले चालविण्याचा अधिकारही त्यालाच. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता एकवटलेली असे, की त्याने मनात आणले तर तालुका नाडावा आणि मनात आणले तर तरावा.

सटाण्याची मामलेदारी यशवंतरावांकडे आली ती १८७० च्या आसपास. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली निर्माण झाला आणि तोवर खानदेशात मोडणारे बागलाण नाशिकला जोडले गेले. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगा, मोसम आणि आरम यांची खोरी, जुन्या फडांवर भिजणारी थोडकी बागायत, आणि पश्चिमेकडे भिल्ल-कोकण्यांच्या वस्त्या असलेला रानाचा पट्टा. असा हा तालुका. आज द्राक्षे, डाळिंब आणि कांद्याने नाव मिळविलेले बागलाण त्या काळी पाटाच्या पाण्यापलीकडे सर्वस्वी आभाळावर विसंबून होते.

आणि आभाळ फिरले. १८७०-७१ च्या सुमारास पावसाने दगा दिला. संकट नुसत्या पावसाचेही नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात खानदेश-दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरात शेतकऱ्याने हात सैल सोडला, सावकाराने पत वाढविली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र तसेच राहिले. आधीच सावकाराच्या वहीत बांधल्या गेलेल्या कुणब्याच्या घरात दुष्काळ शिरला, तेव्हा कणगीच्या तळाशी काही उरलेले नव्हते. ज्याला जमीन नाही त्या मजुराची आणि रानातल्या भिल्लाची दशा तर वर्णन करण्यापलीकडची. १८७५ साली पुणे-नगरकडे सावकारांच्या वह्या जाळणारे जे दंगे उसळले, त्यांचा दारूगोळा याच वर्षांत साचत होता.

सरकारकडून काय अपेक्षा ठेवावी, याचे उदाहरण ताजे होते. १८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला. अधिकारी वरच्या हुकुमाची वाट पाहत राहिले, व्यापारी आपण होऊन धान्य आणतील या भरवशावर राहिले, पावसाळा लागून वाटा बंद झाल्या आणि सुमारे दहा लक्ष माणसे प्राणास मुकली. दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम तेव्हा लिहिलेलेच नव्हते. दुष्काळ आयोगाचा अहवाल आला १८८० साली, आणि त्यावरून दुष्काळ-संहितेची घडण झाली त्यानंतर. बिहारात १८७३-७४ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी सढळ हाताने धान्य आणवून लोक वाचविले, तर खर्च अतोनात केला म्हणून त्यांच्यावरच टीकेचा भडिमार झाला. आणि पुढे १८७७ च्या भयंकर दुष्काळात त्याच टेंपलसाहेबांनी मजुरांच्या रोजच्या धान्यात कपात केली. साहेबाला दयेची शिक्षा मिळते ती टीकेची. सटाण्याच्या एका एतद्देशीय मामलेदाराला कोणती मिळाली असती?

खजिन्याची किल्ली

कचेरीच्या ओट्यावर रोज माणसे येऊन बसू लागली. प्रथम मामलेदारांनी आपला पगार संपविला. मग घरातील किडूकमिडूक संपविले. मग ज्याच्याकडून उसने मिळेल त्याच्याकडून उसने काढले. परंपरा हा क्रम आवर्जून सांगते आणि आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. परक्याच्या तिजोरीला हात घालण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या घराचा तळ गाठला होता. त्यानंतर एक दिवस सरकारी खजिन्याचे दार उघडले आणि रुपये गोरगरिबांना वाटले गेले. किती? परंपरेने चालत आलेला आकडा आहे १,२७,००० रुपयांचा.

हा आकडा आपण ऐकतो आणि पुढे जातो. क्षणभर थांबून तो हातात घेऊन पाहू या. त्या काळचा चांदीचा रुपया वजनाने नेमका एक तोळा. म्हणजे १,२७,००० तोळे चांदी. आजच्या मापाने सुमारे १,४८० किलो. मामलेदाराचा पगार त्या काळी दरमहा दीडशे ते अडीचशेच्या घरात असे. मधला दोनशेचा आकडा धरला तर ही रक्कम झाली बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या पगाराइतकी. यशवंतरावांनी कारकून म्हणून उमेदवारी केल्यापासून त्या दिवसापर्यंत मामलेदाराचाच पगार घेतला असता आणि त्यातील एक पैही खर्च केली नसती, तरी ही भरपाई त्यांच्याने झाली नसती. हे काही हळूच खिशातून काढून देण्याजोगे दान नव्हे. थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या असतील, मोजल्या गेल्या असतील. शिरस्तेदाराला ठाऊक होते, नाणी पारखणाऱ्या पोतदाराला ठाऊक होते, पहाऱ्यावरच्या शिपायाला ठाऊक होते. त्यांतील एकानेही वेळीच जिल्ह्याला चिठ्ठी लिहिली असती तर पहिल्याच थैलीला दार बंद झाले असते. त्या माणसांची नावे आज कुणाच्या ओठी नाहीत, परंतु ज्या अर्थी वाटप पुरे झाले त्या अर्थी कचेरीतील लहानमोठी माणसे आपापल्या भाकरीवर पाणी सोडण्यास तयार होऊन मामलेदारांच्या पाठीशी उभी राहिली असावीत, असे आमचे अनुमान आहे.

कायदा काय म्हणत होता? १८६० चा इंडियन पिनल कोड १८६२ पासून अंमलात होता. सरकारी नोकराने आपल्या हवाली केलेल्या मालमत्तेचा अपहार केल्यास कलम ४०९ प्रमाणे जन्मठेप काळ्या पाण्याची, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि वर दंड. पैसा स्वतःकरिता वापरला नाही, ही सबब कितपत चालली असती याची शंकाच आहे. दुसऱ्याचे गैरवाजवी नुकसान करण्याचा हेतू असला तरी तो कायद्याच्या लेखी अप्रामाणिकपणाच. ज्याने वर्षानुवर्षे फौजदारी खटले चालविले, त्याला हे कलम समजावून सांगण्याची गरज नव्हती. पंचावन्न वर्षांचे वय, निवृत्ती हाकेच्या अंतरावर, चाळीस वर्षांची निष्कलंक नोकरी. आपण काय करीत आहोत हे पुरते जाणून त्या पुरुषाने ते दार उघडले.

येथे प्रत्येक मराठी वाचकाला मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे दुष्काळात लुटविणारे दामाजीपंत, आणि त्यांची भरपाई करण्यासाठी विठू महार होऊन दरबारात मोहरांची थैली रिती करणारा पंढरीराया. मंगळवेढे पंढरपूरपासून काही फार लांब नाही. यशवंतरावांच्या घराण्याचे भोसे गावही त्याच मुलुखातले. दामाजीपंतांची कथा त्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली असेल, कीर्तनात ऐकली असेल. परंतु कथा ऐकणे निराळे, आणि चारशे वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग दारात येऊन उभा राहिला असता त्या कथेवर आपले सारे आयुष्य पणाला लावणे निराळे. दामाजीपंतांची कथा आपल्यापैकी कोणी ऐकलेली नाही? कचेऱ्या तर तेव्हाही शेकडो होत्या आणि मामलेदारही शेकडो.

तपासणी

बातमी वर गेल्याशिवाय राहणे शक्य नव्हते. खजिना तपासण्याचा हुकूम झाला. वरिष्ठ साहेब सटाण्यास आले. त्या आदल्या रात्रीविषयी सटाण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, की मामलेदार देवापुढे बसून होते आणि त्यांच्या मनाला कोणताही उद्वेग नव्हता. सकाळी पेट्या उघडल्या, थैल्या सोडल्या, रुपये मोजले. हिशेबाच्या वहीत जी रक्कम होती तीच खजिन्यात निघाली. पै न् पै भरलेली. साहेब थक्क झाला, कचेरीबाहेर जमलेल्या लोकांनी जयघोष केला, आणि त्या दिवसापासून यशवंतराव भोसेकर हे देवमामलेदार झाले.

श्रद्धाळू जनांना या प्रसंगात संशय घेण्यासारखे काही दिसत नाही. ज्याने दामाजीची लाज राखली त्यानेच यशवंतरावांची राखली, इतके त्यांना सरळ वाटते. चिकित्सक मंडळी विचारतात, की पैसे आले कोठून? कोणा धनिकांनी रातोरात भरणा केला काय? वाटप झालेल्या रकमेचा आकडा फुगला काय? आम्ही या वादात कोणाचाही वकील होऊन उभे राहत नाही. देव्हाऱ्यापुढे रोज बसणाऱ्या घरांतच आम्ही वाढलो आणि भगवंताला आपल्या भक्ताचे ऋण फेडता येत नाही असे म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. परंतु एक गोष्ट भाविकांनी आणि चिकित्सकांनी दोघांनीही ध्यानात घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. खजिना भरलेला निघाला तो तपासणीच्या दिवशी. तो उघडला गेला त्या दिवशी असा काही चमत्कार होईल याची हमी यशवंतरावांना कोणी दिलेली नव्हती. त्यांच्या पुढ्यात त्या वेळी दोनच गोष्टी होत्या. ओट्यावर बसलेली उपाशी माणसे आणि कलम ४०९. चमत्काराच्या कथेत रंगून जाताना आपण नेमकी हीच घडी विसरतो. कीर्तनकारबुवाही बहुधा तपासणीच्या प्रसंगावर पाऊण तास घेतात आणि दार उघडण्याचा प्रसंग दोन वाक्यांत उरकतात. आमचा कौल विचाराल तर प्रमाण उलटे असावे.

आणखी एक प्रश्न आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरकारचा पैसा परस्पर वाटणे धर्माला धरून होते काय? आपल्याकडे परधनाला विषासमान मानण्याची शिकवण आहे. यशवंतराव काही बेछूट माणूस नव्हते. ज्यांच्या चाळीस वर्षांच्या हिशेबात एका रुपयाची खोट निघाली नाही, ते होते. मग या एका वेळी त्यांनी हा निर्णय कसा घेतला? त्यांनी आपल्या मनातील विचार लिहून ठेवलेला नाही, म्हणून त्यांच्या वतीने आम्ही बोलणार नाही. आमच्या बुद्धीला इतके दिसते, की त्या थैल्यांतील प्रत्येक रुपया बागलाणच्या कुणब्याने साऱ्यापोटी भरलेला होता. जो सरकारचा म्हणून मोजला जात होता, तो मुळात त्या ओट्यावर बसलेल्यांच्याच घामाचा होता. हा युक्तिवाद न्यायालयात टिकला नसता, हे खरे. सर्वच मामलेदारांनी असे वागावे असेही आम्ही म्हणणार नाही. तसे झाले तर राज्य चालणार नाही. म्हणूनच तर असा एखादा मामलेदार निपजला की लोक त्याला निराळे नाव देतात. मात्र ते नाव ऐकून जो आपल्या खुर्चीचा उपयोग स्वकीयांची घरे भरण्यासाठी करतो, त्याने दामाजी-यशवंतरावांचा दाखला देऊ नये. त्या दोघांनी आधी आपले घर रिकामे केले होते.

नाशिकातील अखेर

त्या तपासणीनंतर मामलेदारांच्या कचेरीचे रूप पालटले. सारा भरण्यास येणाऱ्यांपेक्षा दर्शनाला येणारेच अधिक झाले. दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या येत. कोणी पायावर मूल घाली, कोणी नारळ ठेवी. जमिनीचा वाद घेऊन आलेला माणूस आधी साष्टांग नमस्कार घाली आणि मग कैफियत मांडी. यात यशवंतरावांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. सरकारी कामात या गर्दीने व्यत्यय येऊ लागला आणि वरिष्ठांना त्याची दखल घ्यावी लागली, असे सांगतात. इंग्रज अंमलदारांपुढे हा पेच अपूर्वच होता. हाताखालचा नोकर लाच खातो, आळस करतो, यावर त्यांच्याकडे नियम होते, पण रयत त्याची पूजा करते यावर कोणता नियम लावावा?

पुढे थोड्याच काळात ते सेवानिवृत्त झाले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नाशिक क्षेत्री गोदातीरी घालविली. हाती अधिकार उरला नव्हता, खजिना उरला नव्हता. पेन्शनीत भागवावयाचे होते. तरीही दाराशी येणाऱ्यांची रांग तशीच राहिली आणि घरातून अन्न बाहेर जाणेही तसेच राहिले. स्वतंत्र पंथ त्यांनी काढला नाही, मोठा ग्रंथ लिहिला नाही. निवृत्तीनंतर लोक अधिकाऱ्याला रस्त्यात ओळख देत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे. येथे मात्र हुद्दा गेल्यावरही हुद्द्याचे नाव शिल्लक राहिले.

शके १८०९ च्या मार्गशीर्ष वद्य एकादशीस, ११ डिसेंबर १८८७ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी महाराजांनी नाशिक येथे देह ठेवला. गोदावरीच्या काठी त्यांची समाधी आहे. तेथील विस्तीर्ण पटांगण यशवंतराव महाराजांच्याच नावाने ओळखले जाते. नाशिकला गेलेला यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतो, काळाराम-कपालेश्वराचे दर्शन घेतो आणि या पटांगणावरून चालून जातो. हे यशवंतराव कोण, असे त्यांतील कितीजण विचारतात हे आम्हाला ठाऊक नाही. पावसाळ्यात गोदामाई फुगली की पुराचे पाणी पटांगणात शिरते आणि ओसरल्यावर पुन्हा तेथे बाजार, कीर्तने आणि सभा सुरू होतात.

त्यांच्या काळी बागलाणात आणखीही थोर स्थाने होती आणि आहेत. मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधीपाशी कोजागरीला रासोत्सव रंगतो. सटाण्याजवळ दोधेश्वराचे पुरातन महादेवस्थान आहे. या प्राचीन दैवतांच्या पंक्तीत सटाणेकरांनी एका सरकारी नोकराला नेऊन बसविले. संताचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा, चिपळ्या, भगवी कफनी येते. महाराजांचे स्मरण करताना सटाणेकराच्या डोळ्यांपुढे कचेरी येते, डोक्यावरची पगडी येते. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारपदावर होते आणि त्यांच्या पायाशी नाथमहाराज घडले, हे आठवले म्हणजे कचेरी आणि देव्हारा यांत आपल्या पूर्वजांनी फारसे अंतर मानलेले नव्हते, हे ध्यानात येते.

एकादशीच्या दिवशी पहाटे, थंडीने आरमच्या पात्रावर धुके दाटलेले असताना, सटाण्याच्या मंदिरात महापूजा बांधली जाते. या पूजेला तालुक्याचे तहसीलदार सपत्नीक बसतात. मामलेदार हा शब्द आता कागदोपत्री मागे पडला. तहसीलदार हेच त्या खुर्चीचे आजचे नाव. बदलीची नोकरी असल्याने दर काही वर्षांनी पूजेला बसणारा अधिकारी बदलतो; कोणी विदर्भातला असतो, कोणी कोकणातला, कोणाला महाराजांचे नावही सटाण्यास रुजू झाल्यावरच कळलेले असते. पुरोहित संकल्प सांगतात, अधिकारी पळीने पाणी सोडतो, आणि गाभाऱ्याबाहेर दाटीवाटीने उभे असलेले खेड्यापाड्यांतील लोक एकदा मूर्तीकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत असतात. पूजा आटोपते, आरती होते, प्रसादाचे ताट फिरते. मग दुपार कलल्यावर रथाला दोर लागतात, सनई-चौघडा वाजू लागतो, आणि फुलांनी मढलेला देवमामलेदारांचा रथ सटाण्याच्या रस्त्यांवरून हलू लागतो.